चराईचे गवत, लागवडीचे गवत : करडी आणि वैनगंगाकाठच्या वैरणीचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे गाव वैनगंगेच्या पूर्वेकडील भातपट्ट्यात वसलेले असून, एका बाजूला नदीकाठची गाळाची जमीन आणि दुसऱ्या बाजूला कोका परिसरातील जंगल अशा दोन भिन्न भूभागांच्या मध्ये त्याचा परिसर येतो. या मुलखाचा इतिहास आजवर धान, तलाव आणि जंगल या तीन विषयांभोवतीच लिहिला गेला. महसुली दप्तरात बांधीची, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताची, नोंद आहे, तलावाची आहे, मोहाच्या झाडांचीही आहे. गवताला मात्र पीक म्हणून तेथे रकाना नाही. गवत कोणी पेरीत नव्हते, त्यामुळे त्याचे क्षेत्र, उत्पन्न किंवा सारा मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. म्हणून वैरणीचा इतिहास शोधायचा तर तो पिकांच्या आकड्यांत सापडत नाही; कोणाचे ढोर कोठे, किती दिवस आणि कोणाच्या परवानगीने चरू शकत होते, या हक्कांच्या नोंदींत तो शोधावा लागतो. गेल्या अर्धशतकात हत्ती गवतासारखे पुरुषभर उंचीहून अधिक वाढणारे उष्णकटिबंधीय गवत शेतात लावण्याची जी गरज भासू लागली, तिचे मूळही या हक्कांच्या आकसण्यातच आहे.

मध्य प्रांतात १८६० च्या दशकात मालगुजारी पद्धतीची जमाबंदी झाली, तेव्हा गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या मालगुजाराला गावातील पडीत जमीन, तलाव आणि लगतच्या जंगलाचीही मालकी मिळाली. या मालकीवर गावकऱ्यांच्या निस्तार हक्काचे बंधन होते. निस्तार म्हणजे सरपण, शेतीच्या अवजारांपुरते लाकूड, माती, पाणी आणि गुरांची चराई अशा रोजच्या गरजा गावाच्या सामाईक जमिनीतून भागविण्याचा रिवाज होय. सकाळी गावातील गुरे आखरावर, म्हणजे गुरे गोळा होण्याच्या ठरलेल्या मोकळ्या जागेवर, आणली जात आणि तेथून गोवारी तो कळप रानात घेऊन जाई. त्याची मजुरी बहुधा वर्षाकाठी धान्याच्या रूपाने घरोघरून मिळे. बलिप्रतिपदेला झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, होणारे गायगोधन आणि गोवाऱ्यांची ढालपूजा हे या व्यवस्थेचे सणाच्या रूपाने उरलेले अवशेष होत. रानातील गवतांनाही त्यांचा हंगाम होता. मारवेल आणि पवना ही कोवळेपणी गोड लागणारी गवते पावसाळ्यात व दिवाळीपर्यंत उपयोगी पडत. कुसळ गवताला टोकदार बी धरले की ते गुरांच्या तोंडाला टोचे, म्हणून ते फुलोऱ्यापूर्वीच चारावे किंवा कापावे लागे. आणि तिखाडी किंवा रोहिस हे सुगंधी तेलाचे गवत जनावरे सहसा तोंडात धरत नसत. कोणते गवत केव्हा चालते याचे हे ज्ञान गोवाऱ्याकडे होते, आणि ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

उन्हाळ्याचा आधार मात्र रानावर नव्हता. धान मळून झाल्यावर उरणारे तणस हाच या प्रदेशातील कोरड्या वैरणीचा मुख्य साठा होता, आणि धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत फेकून पेरलेल्या लाखोरीचे कुटार त्याच्या जोडीला असे. अशा रीतीने उभ्या पिकात दुसरे पीक टाकण्याला उतेरा म्हणतात. या जोडीत बरेच शहाणपण होते, कारण तणसात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने ते पचायलाही जड जाते, तर लाखोरी हे द्विदल पीक असल्यामुळे त्याचे कुटार तुलनेने पौष्टिक असते. चिन्नोर, लुचई यांसारखे जुने धान उंच वाढत, वाऱ्याने लोळत आणि दाणा कमी देत. पण त्यांचे तणस भरपूर निघे. गाय मुख्यतः बैल आणि शेण यांसाठी पाळली जात असल्याने या चाऱ्यावर तिचे भागत होते. दूध देणे हे त्या व्यवस्थेतील गाईचे दुय्यम काम होते, आणि पूर्व विदर्भातील गाय दूध कमी देते अशी तक्रार करणाऱ्या नंतरच्या अहवालांनी तिच्याकडून मुळात काय अपेक्षित होते याचा विचार क्वचितच केला.

या व्यवस्थेचा पाया कायद्याने हळूहळू खचत गेला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनाची कल्पना रुजवली आणि सरकारी जंगलातील चराई ही परवान्याची व शुल्काची बाब बनली. मालगुजारी जंगलात मात्र जुना रिवाज बराच काळ टिकून राहिला. त्या वेळी मध्य प्रदेशात असलेल्या भंडारा जिल्ह्यात १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा गावांचे तलाव, पडीत आणि जंगल शासनाकडे गेले. १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ ने निस्तारपत्रकाची तरतूद कायम ठेवली. म्हणजे गावाच्या कोणत्या जमिनीवर कोणाला कोणता उपयोग करता येईल हे लिहून ठेवणारा दस्तऐवज आजही कायद्यात आहे. तथापि कागदावरील हक्क आणि प्रत्यक्षातील कुरण यांतील अंतर वाढतच गेले. अतिक्रमणे झाली, सरकारी इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या मोठ्या भागाच्या दर्जाचा वाद न्यायालयात गेला.

हा वाद झुडपी जंगलाचा होय. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत झुडपी जंगल म्हणून दाखविलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. हलक्या प्रतीच्या मातीवर खुरटी झुडपे आणि गवत असलेल्या या जमिनी जुन्या काळी प्रामुख्याने गुरे चारण्याच्या उपयोगाच्या होत्या. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे त्या वन ठरतात की नाही हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनजमीन मानावे असा निर्णय दिला. निसर्गरक्षणाच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते. परंतु एकेकाळी चराईसाठी सोडलेल्या जमिनीचा प्रवास कुरणाकडून वनाकडे झाला आणि त्यात गुराख्याची बाजू कोठेही मध्यवर्ती नव्हती, हेही इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदवावे लागते. करडीच्या परिसराला आणखी एक मर्यादा आली. कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले, आणि जंगलालगतच्या गावांसाठी रानात गुरे सोडणे हे नियम व वन्यप्राण्यांचे भय अशा दोन्ही कारणांनी अवघड झाले.

गवताला बाजारभाव येणे ही घटना महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला याहून खूप आधी घडली होती. मुंबईतील घोडे आणि तबेल्यांतील म्हशी यांच्यासाठी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून कापलेले गवत मोठ्या प्रमाणावर जात असे, आणि ते कापणाऱ्या वारली मजुरांनी १९४५ मध्ये पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप केला. त्याच आंदोलनात ११ ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन वारली शेतकरी मारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला परिचित आहे, पण त्यात गवताच्या मजुरीचा लढाही होता ही बाब सहसा मागे पडते. ते गवत नैसर्गिक होते. लावलेल्या गवताचा ठळक प्रयोग १९४९ मध्ये सुरू झालेल्या आरे दुग्ध वसाहतीत दिसतो. तेथे गोठ्यांतून वाहून येणाऱ्या शेणामुताच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवले जाई. शहराची दुधाची मागणी, एका जागी बांधलेली जनावरे आणि वर्षभर पाणी हे तीन घटक एकत्र आल्याशिवाय गवताची लागवड परवडत नाही, हे आरेच्या उदाहरणातून स्पष्ट होते. वैनगंगाकाठी हे तिन्ही घटक जुळून यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

हत्ती गवत हे मूळचे उष्णकटिबंधीय आफ्रिकेतील. नदीकाठी व जंगलाच्या कडेला ते दहा ते पंधरा फुटांपर्यंत वाढते, त्याचे कांडे उसासारखे पेरांचे असते आणि एका ठोंबातून अनेक फुटवे निघून दाट बेट तयार होते. आफ्रिकेतील पशुपालक ते जाणून होते. युरोपीय शेतीखात्यांचे लक्ष त्याकडे वेधले गेले ते १९०९ च्या सुमारास, जेव्हा ऱ्होडेशियातील बुलावायो येथील कर्नल नेपिअर यांनी त्याच्या चाचण्या घेण्याचा आग्रह धरला, आणि त्यांचेच नाव या गवताला चिकटले. भारतात ते १९१२ मध्ये आले. त्याचे उत्पादन डोळे दिपवणारे होते, पण पाने खरबरीत, कांड्या लवकर निबर होणाऱ्या आणि जनावरांना फारशा न आवडणाऱ्या. बाजरी ही त्याच कुळातील. ती रसाळ, पाने मऊ, परंतु वर्षायू. या दोघांचा संकर भारतात १९५३ मध्ये कोइमतूर येथे करण्यात आला आणि १९६१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून पुसा जायंट नेपिअर हा वाण पुढे आला.

या संकराच्या जीवशास्त्रातच त्याच्या प्रसाराची रीत ठरलेली आहे. बाजरीत गुणसूत्रांची संख्या १४ आणि नेपिअरमध्ये २८ असते, त्यामुळे संकरात ती २१ होते. अशा विषम संख्येच्या जोड्या जुळत नसल्याने या वनस्पतीला फुलोरा आला तरी रुजणारे बी धरत नाही. परिणामी संकरित नेपिअरची लागवड दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या किंवा मुळासकट काढलेले ठोंब लावूनच होते. बियाणे कंपन्यांना दरवर्षी विकता येईल असे काही यात नव्हते, आणि शेतकऱ्याला मात्र शेजाऱ्याच्या बेटातून मोळीभर कांड्या आणून आपले बेट उभे करता येत होते. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवरून ‘सुपर’ विशेषण लावून जादा दराने कांड्या विकण्याचा जो व्यापार फोफावला, तो या गवताच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध आहे. पण कांड्यांनी वाढविलेल्या सर्व बेटांचा वंश एकच असल्याने एखादा रोग आला तर तो सर्वत्र सारखाच पसरू शकतो. पूर्व आफ्रिकेतील छोट्या दूध उत्पादकांना काणी व खुजेपणाच्या रोगांनी याचा अनुभव दिला आहे.

महाराष्ट्रात या गवताचा प्रसार संकरित गाईच्या पाठोपाठ झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने संकरित गाईंचा कार्यक्रम हाती घेतला आणि चाऱ्याच्या वाणांवरही काम केले. बीएनएच-१० हा तिचा वाण राज्यात परिचित आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यशवंत, फुले जयवंत आणि फुले गुणवंत हे वाण दिले. शिफारशीनुसार सऱ्यांमध्ये तीन फूट आणि दोन कांड्यांमध्ये दोन फूट अंतर ठेवले, तर हेक्टरी साधारण अठरा हजार कांड्या लागतात. पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी आणि पुढच्या कापण्या दर सहा-सात आठवड्यांनी होतात. कापताना जमिनीपासून वीतभर बुडखा राखतात, कारण नवे फुटवे त्याच्या डोळ्यांतून येतात. अगदी जमिनीलगत विळा चालवणाऱ्याचे बेट दुसऱ्या वर्षीच विरळ होते. पाणी आणि खत यांची हयगय झाली नाही तर हेक्टरी वर्षाला दीडशे ते दोनशे टन हिरवा चारा मिळतो, आणि एकदा लावलेले बेट तीन-चार वर्षे टिकते.

असे असूनही भंडाऱ्याच्या भातपट्ट्यात हे गवत ऊसपट्ट्यासारखे सलग एकरांवर पसरले नाही, आणि याचे कारण शेतकऱ्याच्या उदासीनतेत शोधणे अन्यायाचे ठरेल. जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बांधीची रचनाच ते पाणी अडवून धरण्यासाठी असते, आणि रोवणीनंतर कित्येक आठवडे तिच्यात पाणी साचलेले असते. हत्ती गवताला ओलावा हवा, पण साचलेले पाणी त्याला सोसत नाही; मुळे कुजतात आणि ठोंब पिवळे पडतात. म्हणजे धानाची बांधी त्याला पावसाळ्यात निषिद्ध, आणि उन्हाळ्यात जेथे पाणी आहे तेथे उन्हाळी धान त्याचा प्रतिस्पर्धी. उरते ती जागा म्हणजे रुंद धुरे (शेताचे बांध), बोडीची पाळ, विहिरीच्या दांडाचा काठ आणि गोठ्यामागचा उंचवटा. बोडी म्हणजे स्वतःच्या शेतात खणलेले लहानसे तळे. या कडेकडेच्या जमिनीवर लावलेल्या दोन-चार ओळी एखाद-दुसऱ्या दुभत्या जनावराची हिरव्या चाऱ्याची अडचण भागवू शकतात, शिवाय त्यांच्या दाट मुळ्यांनी धुऱ्याची माती धरून ठेवली जाते. कृषी विस्ताराच्या पुस्तिकांत मात्र लागवड नेहमी हेक्टरात सांगितली जाते. धुऱ्याच्या फुटांत ती फारशी कोणी मांडली नाही.

हिरव्या चाऱ्याची ही गरज तीव्र करण्यात धानाच्या बदलत्या वाणांचाही वाटा होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयआर-८ आणि १९६८ मध्ये जया हे बुटके वाण आले. खताला दाद देणारे, न लोळणारे, पण उंच देशी धानाच्या मानाने दाण्यामागे तणस कमी देणारे. त्यानंतर कापणी-मळणीचे मोठे यंत्र आले आणि हाताने कापून पुंजणे रचण्याच्या पद्धतीत मिळणारे लांब, स्वच्छ तणस त्या शेतांतून मिळेनासे झाले. पाठोपाठ ट्रॅक्टरमुळे बैलांची संख्या घटली आणि गोठ्यात दुधासाठी ठेवलेले जनावर उरले, ज्याची भूक तणसावर भागत नाही. अर्थात हत्ती गवतावरच सर्वस्वी विसंबणेही हिताचे नाही. त्यात ऑक्झॅलेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून दुभत्या गाईला ते एकटे न देता द्विदल चारा व तणस यांच्यासह, कडबाकुट्टी यंत्रातून बारीक करून द्यावे असे पशुतज्ज्ञ सांगतात. जुन्या व्यवस्थेत लाखोरीचे कुटार जे काम करीत होते, तेच काम येथे चवळी किंवा बरसीमसारख्या चाऱ्याने करावे लागते.

गवतापासून ऊर्जा मिळविण्याचा विचार या चाऱ्याच्या इतिहासाला नंतर येऊन मिळाला, आणि तो शेणाच्या वाटेने आला. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णाश्रमात मैल्यापासून निघणारा वायू १८९७ मध्येच वापरात आणला गेला होता. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र तयार केले, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभी ते स्वीकारले, आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम चालू झाला. या संयंत्रांत गवत टाकण्याचा प्रयत्न सहसा फसे, कारण तंतुमय पदार्थ पाण्यावर तरंगून वर साय धरतो आणि वायूची वाट अडवतो. गाईच्या पोटातील जिवाणू जे काम रवंथाच्या मदतीने करतात ते टाकीत घडवून आणायचे तर गवत बारीक कुटणे, ढवळणे आणि उबदार ठेवणे या गोष्टी यंत्राने कराव्या लागतात, आणि त्यामुळे गवताचा वायू हा घरगुती गोठ्याचा न राहता कारखान्याचा विषय होतो.

हा विषय धोरणाच्या पातळीवर आला तो १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ‘सतत’ योजनेमुळे. या योजनेत जैविक पदार्थांपासून वायू तयार करून, त्यातील कार्बन डायऑक्साइड व गंधकयुक्त घटक काढून, दाबाखाली भरलेला वायू तेल कंपन्यांनी विकत घ्यायचा होता; देशभर पाच हजार प्रकल्पांचे लक्ष्य ठेवण्यात आले, आणि प्रत्यक्ष उभारणी त्याच्या कितीतरी मागे राहिली. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत राज्यातील अनेक तालुक्यांत हत्ती गवताची करारशेती करण्याच्या योजना शेतकऱ्यांपुढे मांडल्या गेल्या. ऊर्जेसाठी तालुका हेच एकक धरावे हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता; फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी तो कितीतरी आधी, शेतातील काडीकचरा आणि गोड ज्वारीच्या अभ्यासातून मांडला होता. मात्र त्यांची मांडणी मुख्यतः शेतात उरणाऱ्या पदार्थांवर उभी होती, तर नव्या योजनांचा भर केवळ इंधनासाठी लावलेल्या पिकावर होता, आणि हा फरक किरकोळ नाही.

चाऱ्याचे गवत आणि इंधनाचे गवत एकाच कांडीतून उगवत असले तरी कापणीच्या वेळी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. गाईसाठी ते कोवळे, पानाळ असताना कापावे लागते. वायूसाठी थोडे अधिक वाढू दिले तर घनपदार्थ वाढतात, पण फार निबर झाले तर लिग्निन, म्हणजे वनस्पतीला लाकडासारखा टणकपणा देणारा घटक, वाढून जिवाणूंना ते पचत नाही. आणि बॉयलरमध्ये जाळण्यासाठी किंवा गोळ्या बनविण्यासाठी ते कित्येक महिने उभे ठेवून वाळवावे लागते. म्हणून दोन्ही गिऱ्हाइकांना एकच शेत पुरवील, ही जाहिरातीत गृहीत धरलेली गोष्ट व्यवहारात अवघड आहे. शिवाय हिरव्या गवतात सुमारे चार-पंचमांश पाणी असते. टनभर गवत वाहून नेले की त्यात कोरडा भाग दोनशे किलोच्या आसपासच भरतो, आणि उरलेले भाडे पाण्यासाठी मोजले जाते. त्यामुळे प्रकल्प जवळ असला तरच हिशेब जमतो, आणि जवळचा प्रकल्प बहुधा एकच असल्याने शेतकऱ्याला गिऱ्हाईकही एकच उरते. मोहाडी तालुक्यातील देव्हाडा येथील साखर कारखान्याला ऊस देणाऱ्यांना हे नाते नवे नाही. ऊस हेही एक उंच उष्णकटिबंधीय गवतच आहे. त्याचे वाढे गुरांना, रस साखरेला आणि चिपाड भट्टीला जाते, आणि त्यामागे दराचा कायदेशीर आधार आहे. हत्ती गवताला तसा आधारभाव नाही.

जर्मनीतील अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तेथे २००० च्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने जैववायूच्या विजेला हमीदर दिला, त्यानंतर संयंत्रांसाठी मक्याची लागवड इतकी वाढली की जमिनीचे खंड चढले, दूध उत्पादक नाराज झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीत नव्या संयंत्रांतील मका व धान्य यांच्यावर साठ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये शहर वायू वितरणात जैविक वायू मिसळणे बंधनकारक करण्याचा निर्णय झाला असून, ते प्रमाण २०२५-२६ मध्ये एक टक्का आणि टप्प्याटप्प्याने २०२८-२९ पर्यंत पाच टक्के व्हायचे आहे. या मागणीचा मोठा भाग शेण, साखर कारखान्यांची मळी आणि पिकांचे अवशेष यांतून भागविता येण्याजोगा आहे, आणि भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर यंत्राच्या कापणीनंतर बांधीत पडून राहणारे व पुष्कळदा जाळले जाणारे तणस हाच त्यासाठीचा सर्वांत जवळचा कच्चा माल आहे. सध्या त्याची गरज करडीसारख्या गावांतील गोठ्यांनाही आहे, आणि गोळा करून आणण्याचा खर्च जो आधी उचलील त्याच्याकडे ते जाईल.